गूगल अ‍ॅड्स जास्तीचे पैसे कापतं? थोडा खुलासा

चिपळूणच्या आमच्या ट्रेनर लोकांच्या ग्रुपवर दोन दिवस फिरतंय की गूगल अ‍ॅड्सला रोजचं ५०० बजेट लावलं तरी ९००-१००० कापतात, सरळ लूट आहे. तसं नाहीये ओ. एखाद्या दिवशी दुप्पटपर्यंत जातं, पण बजेट मध्येच बदललं नाही तर महिन्याला रोजच्या बजेटच्या ३०.४ पट (महिन्याचे सरासरी दिवस) म्हणजे १५,२०० च्या वर घेत नाहीत. १८ टक्के जीएसटी वेगळा, तो धरून १७,९३६, आणि हेच सगळे विसरतात (मीपण विसरलेलो). खरी गळती दुसरीकडेच आहे, लोटे एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या एचआरने ट्रेनिंगसाठी बोलवावं म्हणून अ‍ॅड लावायची आणि क्लिक करणार नोकरी शोधणारी पोरं, माझ्या सर्च टर्म्समध्ये (लोकांनी काय टाइप केल्यावर अ‍ॅड दिसली ती यादी) 'सेफ्टी ऑफिसर जॉब खेड' असलं कायकाय निघालं. जॉब, फ्री, पगार हे शब्द आधी निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे ते शोधणाऱ्यांना अ‍ॅड दिसत नाही.