‘फुकटच्या सदतीस हजारां’बद्दल

‘एक संशोधक’ यांस,

फेलोशिपचं (संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या पैशाचं) पत्र हातात पडल्याशिवाय नोकरी सोडून पूर्णवेळ पीएचडीला बसू नका, एवढंच मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : “महिना सदतीस हजार फुकट मिळत असताना रडणाऱ्यांची कीव येते. लेखक स्वतः मलई खाऊन झाल्यावर पोरांना घाबरवतोय. बार्टी, सारथी, महाज्योतीचं नावही नाही, अर्धवेळ पीएचडीबद्दल चकार शब्द नाही. तक्ता तर मोबाइलवर दिसतच नाही.”

तक्त्याचं मान्य. शेवटचा रकाना कापला जात होता, नीट करून टाकलाय.

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘मलई’ ही कुठली भाषा? इथे विद्यार्थी आपापल्या पैशाच्या अडचणी मोकळेपणाने लिहितात. त्यांच्यासमोर, तेही टोपणनावाआडून, असं बोलायला काहीच वाटत नाही? समोरासमोर बसलो असतो तर बोलला असतात?

आता तुमचं ‘फुकट’. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे आणि दोन वर्षांनी तिची एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, झाली की ४२,०००. घरभाडं वेगळं. हे सगळं माझ्या तक्त्यात होतं (कापलेल्या रकान्यात नव्हे). पण हे पैसे जास्तीत जास्त पाच वर्षं. प्रबंध सहाव्या वर्षात गेला की खर्च तुमचा. शिवाय ते मिळतात कोणाला? २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो आणि त्यातल्या फक्त पहिल्या गटाला जेआरएफ. बाकीच्या दोघांना पीएचडीच्या प्रवेशाची पात्रता मिळते, दमडी नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेटशिवाय संशोधन करणाऱ्यांना महिना ८,००० मिळतात. २०१५ मध्ये तेही बंद करायला निघाले होते, तेव्हा मुलं दिल्लीत यूजीसीच्या दारात ठाण मांडून बसली. कीव करायची हौसच असेल तर त्या आठ हजारांची करा.

आणि ज्यांना मिळते, त्यांनाही ‘फुकट’ नाही. फेलोशिप चालू असताना दुसरी पगारी नोकरी करता येत नाही. दर महिन्याला संस्थेने ‘हा विद्यार्थी काम करतोय’ असं कळवल्याशिवाय पैसे निघत नाहीत. हे कळवणं म्हणजे काय, ते मी भोगलंय. माझ्या वेळी रक्कम २५,००० होती. डिसेंबर २०१४ पासून २०१८ संपेपर्यंत आकडा तिथेच. विभागप्रमुख रजेवर गेले, माझा सहीचा कागद त्यांच्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या खिशात. कारकून म्हणाले, “साहेब आले की बघू.” साहेब आले, तोवर पोर्टलवर हे कळवायची तारीख उलटलेली. मेसवाल्याच्या वहीत माझं पान भरून मागच्या पानावर गेलं होतं. कंटिन्जन्सीची, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठीच्या पैशांची, तीच गत. मानव्यशाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,०००. जुन्या कागदपत्रांच्या झेरॉक्सचं बिल लावलं, तर शिक्का पुसट आहे म्हणून परत आलं. पुन्हा शिक्का मारून नेलं, तर तारखेवर खाडाखोड. शेवटी ते पैसे मीच सोडून दिले. मलई म्हणे!

बार्टी, सारथी, महाज्योती : राज्य सरकारच्या या तिन्ही संस्थांच्या फेलोशिप आपापल्या समाजघटकांसाठी आहेत, जाहिराती आणि निकष त्यांच्या संकेतस्थळांवर निघतात. तिथे वाचा. मी सूचनाफलक चालवत नाही. अर्धवेळचं म्हणाल तर मागच्या लेखाच्या शीर्षकातच ‘पूर्णवेळ’ हा शब्द आहे. शीर्षक तरी वाचत जा.

माझ्या मार्गदर्शकांबद्दलची तुमची दुसरी प्रतिक्रिया काढून टाकली आहे. ती पुन्हा टाकू नका, पुन्हा काढेन.