गोळी गरम पडते, राजेहो!

दाढ निघाली? बरं झालं. आठ महिने तिने तुम्हाला एकाच कुशीवर झोपवलं. लवंग दाबून झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतला किडाही काढून झाला (किडा निघाला म्हणे, ठणका तिथेच राहिला). शेवटी तालुक्याला जाऊन, खुर्चीत डोळे मिटून, ती एकदाची पडली. ओठ बधिर, तोंडात बोळा आणि हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिन ५०० आणि मेट्रोनिडाझोल ४००. दोन्ही जंतू मारणारी अँटिबायोटिक, दिवसातून तीन वेळा, जेवल्यावर, पाच दिवस. म्हणजे दाढेची काळजी संपली तरी रिकामं बसायची पाळी काही तुमच्यावर येत नाही. आता गोळ्यांची काळजी करायची. ती नीट कशी करावी, हे मी स्वतःच्या दाढेवरून सांगतो.

सगळ्यात आधी मेडिकलवाल्याकडून गोळीच्या खोक्यातला कागद मागून घ्या. तो सहसा देत नाही, गोळ्यांचा पत्ता कापून हातावर ठेवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पण तुम्ही अडून बसा. कागद उलगडला की पंचांगाएवढा होतो. अक्षरं खसखशीएवढी, आणि सगळी इंग्रजी. नागपूरला बी.एस्सी. करणारा एखादा भाचा सुटीवर आला असेल तर त्याला ओसरीवर बसवून वाचून घ्या. त्यात एक भानगड आहे, तेवढी टाळा. औषधांच्या भाषेत ‘नेहमी आढळणारा’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना होणारा, आणि ‘अत्यंत दुर्मिळ’ म्हणजे दहा हजारांत एकालाही न होणारा. हे आकडे ऐकून माणूस उगाच शांत होतो. आकडे गाळा, नुसती रोगांची नावं वाचायला सांगा. मळमळ आणि जुलाब ऐकून मला काहीच वाटलं नाही, ते आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही होतात. पण पुढे आलं, ‘काळी केसाळ जीभ’. खरंच लिहिलेलं असतं, अत्यंत दुर्मिळच्या रांगेत. मी रात्रभर टॉर्च घेऊन आरशापुढे उभा. जीभ काळपट दिसत होती हे नक्की. पण वीस वर्षांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने ती आधीच काळपट झालेली, त्यामुळे निकाल काही लागला नाही.

सकाळी गालावर हात ठेवून पानठेल्यावर जा. गावात दुसरं मत घ्यायची सोय तिथेच आहे, आणि फी लागत नाही.

“पाचशेची देल्ली? बाप्पा! अडीचशेचीच मांगाची होती नं.”

“गरम पडते राजेहो ते गोयी. पोटात जायते सारं.”

“माह्या भाटव्याले अशीच देल्ली होती. चक्कर येऊन धुऱ्यावरच पडला.”

या भाटव्याची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, चौकशी करू नका. मी केली आणि पस्तावलो. त्या दिवशी त्यानं मेट्रोनिडाझोलवर मोहाची पावशेर घेतली होती. या गोळीबरोबर दारू गेली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या सुटतात, म्हणून गोळ्या चालू असताना आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस बाटलीला हात लावू नका असं डॉक्टर सांगतात. भाटव्यालाही सांगितलं होतं. त्यानं सोडलीही. गोळी.

आणि हे सगळं ऐकत असताना तुमच्यासमोर काय चाललेलं असतं? सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घातलेला ऐवज, आणि पानठेलेवाला तो पाटीवर खसाखसा घासतो आहे. घासून घासून पन्नी गरम. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. खर्रा डोळ्यांदेखत घोटून मिळतो, म्हणून तो ताजा आणि घरगुती. त्याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, आणि जिथे काही छापलेलं नसतं तिथे साईड इफेक्टही नसतात. एवढी एक गोष्ट पक्की धरली की आयुष्य सोपं जातं.

दाढेचंच बघा ना. गेले आठ महिने ठणका उठला की किराणा दुकानातून डायक्लोफेनॅकच्या दोन सुट्या गोळ्या यायच्या, चहासोबत, उपाशीपोटी. पोटात व्रण पाडण्यात त्या गोळीचं नाव मोठं आहे, मूत्रपिंडाशीही तिचं फार जमत नाही. पण ती कापून सुटी मिळते. कागद नाही, काळजी नाही.

नाहीतर फवारणी घ्या. भादव्यात कपाशी डोक्याला लागली की पाठीवर पंप, अंगात बनियन, तोंडाला फार तर दुपट्टा. डब्यावर त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, सगळ्यात सौम्य हिरवा. आपण लाल त्रिकोणाचं झाकण दातांनी उघडतो. दोन औषधं, वरून एक टॉनिक, बादलीत काडीनं ढवळून. काडी सापडली नाही तर हात आहेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. दवाखान्याच्या खाटांवर डोळ्यांना पट्ट्या बांधून निजलेली माणसं आपण पेपरात पाहिली. पुढच्या हंगामात पंप परत पाठीवर. (इथे थट्टा जमत नाही, म्हणून पुढे जातो.)

त्याच पंपात आणखी एक गंमत असते. कपाशीवर जिवाणूजन्य करपा आला की कृषी केंद्रवाला कॉपर ऑक्सिक्लोराईडसोबत एक चिमुकली पुडी देत आला आहे, स्ट्रेप्टोसायक्लीन. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन. दोन्ही अँटिबायोटिक. एक क्षयरोग्यांना टोचतात ते, दुसरं माणसांच्या पन्नास दुखण्यांवर चालतं ते. आपण ते धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, वाऱ्याच्या दिशेची पर्वा न करता शिंपडलं आहे. संध्याकाळी हात न धुता भाकर मोडली आहे. आणि आता त्याच अँटिबायोटिकच्या खानदानातली एक कॅप्सूल, मोजून मापून, जेवल्यावर घ्या म्हटलं की आपल्याला घाम फुटतो.

पण काळजीकडे परत येऊ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमच्या शरीरात जे जे होईल ते गोळीच्या खात्यावर मांडत चला. गाल सुजला? दाढ काढल्यावर सूज दोन-तीन दिवस चढतेच आणि मग उतरते, पण तुम्ही म्हणा, गोळीची सूज. तोंड पुरतं उघडत नाही? गोळीनं जबडा धरला. तोंडाला तांब्याचा गडवा चाटल्यासारखी चव? ही मात्र खरंच मेट्रोनिडाझोलची, गोळी थांबली की जाते. अशी एक तरी खरी तक्रार हाताशी हवी, बाकीच्यांना वजन येतं. खड्ड्यात पांढुरकं काही दिसतंय? ते बहुधा भरत आलेल्या जखमेवरचं साधं आवरण असतं. पू समजा आणि जिभेच्या शेंड्यानं, नाहीतर आगकाडीनं, ते खरवडत बसा. सोबतीला बिडी ओढा, खर्र्याची गुळणी धरा, दर पाच मिनिटांनी जोर लावून थुंका. खड्ड्यात बसलेली रक्ताची गुठळी अशानं निसटते, हाड उघडं पडतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत अशी कळ जाते की दाढ बरी होती असं वाटावं. मग पानठेल्यावर सांगा: पाहा, गोळ्यांनी काय केलं.

एक गोष्ट डॉक्टरांपासून जपून ठेवायची. लहानपणी पेनिसिलिनची सुई दिल्यावर अंगभर गांधी उठल्या होत्या, हे तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दवाखान्यात त्यातलं अक्षर काढू नका. अमॉक्सिसिलिन त्याच पेनिसिलिनच्या घरातलं, म्हणून डॉक्टर उगाच औषध बदलून देतील. तसंच, अंगावर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, तर ती खरी धोक्याची घंटा आणि अशा वेळी रात्री-बेरात्रीही गाडी काढून दवाखाना गाठायचा असतो. पण आपण इतके दिवस केसाळ जिभेची वाट पाहत बसलेलो, ही साधी लक्षणं कोण बघतो? घरातली बुढी म्हणेल, पित्त झालं, कोकम लाव.

आणि एक प्रश्न तर चुकूनही विचारू नका: “डॉक्टर, ही गोळी मला लागतेच का?” धडधाकट माणसाची साधी दाढ निघाली, ताप नाही, पसरलेली सूज नाही, तर पुष्कळदा अँटिबायोटिकची गरजच नसते. चांगला डॉक्टर हा प्रश्न विचारल्यावर रागावत नाही, का दिली ते सांगतो. पण आपली रीत वेगळी. दवाखान्यात नुसता सल्ला मिळाला तर पैसे बुडाले म्हणायचं, “एखादी सुई तरी मारा” म्हणून हटून बसायचं, आणि गोळ्या घेऊन घरी आलं की त्या खायच्या नाहीत.

खायच्याच नाहीत असंही नको. दीड दिवस खा. ठणका बसला की बंद करा. पाचशेची फार वाटत असेल तर कॅप्सूल उघडून अर्धी पूड सांडून द्या. अलेक्झांडर फ्लेमिंग नावाच्या ज्या माणसाला १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं, त्यानं १९४५ साली नोबेल घेताना केलेल्या भाषणातच बजावलं होतं की कमी मात्रेत औषध घेणारा जंतूंना मारत नाही, त्यांना औषध पचवायला शिकवतो. शिकवू द्या. आपल्या भागात शिकवणीचे वर्ग कमीच आहेत.

उरलेला पत्ता फेकायचा नाही. पत्त्यावर उभी लाल रेघ असते; चिठ्ठीशिवाय ही घेऊ नका, हे लोकांना कळावं म्हणून सरकारने २०१६ मध्ये त्या रेघेचा बराच प्रचार केला. आपल्याकडे ती रेघ म्हणजे काठाच्या लुगड्यासारखी, माल भारी असल्याची खूण. असा पत्ता बिस्किटाच्या जुन्या डब्यात, बटणं, सुईदोरा आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी ठेवायचा. नातवाला सर्दी झाली की त्यातली एक. सर्दी विषाणूची, आणि विषाणूला अँटिबायोटिकचं काहीही वाटत नाही. पण सर्दी आठवडाभरात आपली आपण जाते आणि नाव गोळीचं होतं. म्हणजे बघा, आपल्या दाढेला जी गोळी गरम पडते, तीच नातवाला मानवते.

माझ्याही डब्यात अकरा उरल्या होत्या. त्यांचं काय करावं या विचारात असताना गावात कोंबड्यांवर मानमोडी आली. आमच्या परड्यातली लाल कोंबडी मान वाकडी करून, पंख टाकून एका जागी गोल गोल फिरायला लागली. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हाही विषाणूचाच रोग; त्यावर आधी लस द्यायची असते, नंतर काही नाही. पण बुढीनं डबा काढला. दोन कॅप्सूल फोडून पूड ज्वारीच्या कण्यांत कालवली आणि चोच उघडून कोंबडीला भरवली.

सकाळी कोंबडी खुराड्याच्या तोंडाशी आडवी. बुढीनं तिला पायाला धरून उचललं, उलटीसुलटी करून पाहिली, आणि ओसरीवर येऊन माझ्यापुढे धरली.

“पाय,” ती म्हणाली, “दोनातच गेली. तू तं पंधरा खानार होता.”