पत्रिकेतलं नाव आणि परेडमधली खुर्ची

घरात लग्न आहे. पत्रिकेचं प्रूफ आलं आणि निमंत्रकांत एका आत्तेभावाचं नाव राहिलं. झालं! परवापासून तीनदा फोन आपटून झालेत. सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंग्याहून आलेले आमचे नाना (मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर) सोप्यात चष्मा पुसत म्हणाले, "आरं, देशादेशात पण ह्येच चालतंय. तिथं फोन आपटत न्हाईत, राजदूत माघारी बोलवत्यात."

नाना गमतीत बोलले, पण घडलंय अगदी तसंच. 2016 च्या डिसेंबरात दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात जपानी वाणिज्य दूतावासासमोर लोकांनी एका मुलीचा पुतळा बसवला. खुर्चीवर बसलेली, अनवाणी, शेजारी एक रिकामी खुर्ची. जपानी सैन्यानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्या बायकांना लैंगिक गुलामीत ढकललं, त्यांची आठवण. जानेवारीत जपाननं राजदूत परत बोलावला. पुढं 2018 मध्ये वेठबिगारीला जुंपलेल्या कोरियन कामगारांना जपानी कंपनीनं भरपाई द्यावी, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. 2019 च्या जुलैत जपाननं चिप बनवायला लागणाऱ्या तीन रसायनांची निर्यात आवळली. ऑगस्टमध्ये कोरियानं लष्करी गुप्त माहितीच्या देवाणघेवाणीचा करारच मोडायचं जाहीर केलं. हा करार कशाला होता? उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवायला! मुदत संपायला काही तास उरले, तेव्हा कुठं कोरिया थांबला. भांडण सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं, आणि धोक्यात काय आलं, तर उद्याच्या क्षेपणास्त्राची खबर.

पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनियाचंही तेच. 2007 च्या एप्रिलमध्ये टॅलिन शहरातला सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा हलवला. तिथले रशियन भाषक चिडले, दोन रात्री दंगल, एकाचा जीव गेला, आणि मग बँका, वर्तमानपत्रं, सरकारी वेबसाइट यांच्यावर सायबर हल्ले. पुढच्या वर्षी नाटोचं सायबर केंद्र त्याच शहरात उभं राहिलं.

म्हणून 2025 च्या ऑगस्टअखेर मोदी चीनमधल्या तियानजिनला शांघाय सहकार्य संघटनेच्या परिषदेला गेले, पण बीजिंगच्या 3 सप्टेंबरच्या परेडला थांबले नाहीत, तेव्हा मला ते पटलं. ती परेड जपानवरच्या विजयाची, आणि ते नुकतेच जपानहून आले होते. शिवाय पाहुण्यांत पाकिस्तानचे पंतप्रधान. मे महिन्यातल्या चकमकीत पाकिस्तानच्या हातात चिनी शस्त्रं होती, हे विसरून टाळ्या वाजवायच्या? मग 2020 ला मॉस्कोच्या विजय दिनाच्या परेडला कसे गेलो, असं कुणीतरी विचारणारच. गलवानला नऊच दिवस झाले होते, त्याच परेडमध्ये चिनी तुकडीही चालली, तरी आपले 75 जवान चालले आणि राजनाथ सिंह हजर होते. मला तेही बरोबर वाटतं. यजमान रशिया होता, आणि आपली निम्मीअधिक हत्यारं तिथली.

हे निर्णय टीव्हीवर 'झुकले' आणि 'नडले' या दोन शब्दांत उरकतात, याचा मला राग येतो. नानांच्या गावानं पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली, त्यांचं स्मारक गावात आहे. नाना म्हणाले, "पंगतीला बोलावलं म्हणून जायाचं नसतं रं. शेजारी कोण बसणार, ते आदी बघायचं."

दुसरं प्रूफ उद्या येतंय. आत्तेभावाचं नाव घातलंय. आता आत्या म्हणते, वरच्या ओळीत पाहिजे.