आयकॉनच्या ऑनलाइन चाचणीला पाच जण पुरत नाहीत

'आयकॉन पाच जणांना दाखवले की चाचणी झाली, नीलसननेच सांगितलंय' असा दावा फिरतोय. तो अर्धवट आहे. वेबसाइट-ॲप वापरायला किती सोपे आहेत, ते तपासणारे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलेला पाचाचा आकडा माणसाला वेबसाइटवर काम करताना पाहत तिच्यातल्या अडचणी हुडकण्यासाठी होता. तोही एकेक जण सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, असं धरून. आयकॉनच्या ऑनलाइन चाचणीत मात्र आपण किती टक्के लोक त्याचा अर्थ ओळखतात, ते प्रमाण मोजतो. पाचांपैकी चौघांनी फ्लॉपीचं चित्र 'सेव्ह' म्हणून ओळखलं, तरी खरं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासही असू शकतं, ९९ही! अशा मोजणीला नीलसन स्वतःच किमान २० जण सांगतात. आणि हो, उत्तरांचे पर्याय देऊ नका, अर्थ टाइप करू द्या; नाहीतर अंदाजपंचे आलेली उत्तरंही बरोबरमध्ये जमा होतात.