थेंब गोल राहिला म्हणून पाणी खराब? आधी काच बघा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, पाण्याचं मशीन विकणाऱ्यानेच सोडलेला दिसतो. म्हणे नळाच्या पाण्याचा थेंब काचेवर गोल राहिला तर पाणी क्षारांनी 'जड', ग्लासला चिकटलं तर तो क्लोरीनचा चिकटपणा, आणि मशीनचं पाणी पसरतं कारण त्याच्या रेणूंचे 'गठ्ठे' फुटलेत त्यामुळे ते पेशींत झटकन शिरतं. तिन्ही थापा आहेत.

क्षारांचं आधी घेऊ. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, त्यात अगदी वरच्या रेणूंना वरून ओढायला पाणीच नसतं, मग ते आत खेचले जातात आणि थेंब आपला पृष्ठभाग जमेल तेवढा आवरून घेतो, हाच पृष्ठताण. २० अंश तापमानाला तो मीटरला ७२.८ मिलिन्यूटन, आणि हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे हो! समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात तरी पृष्ठताण वाढतो फार तर दीड-दोन टक्के. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली पसंतीची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे त्याचा सत्तरावा भाग, तो फरक थेंबाकडे बघून कुणाला दिसणार?

खरी गंमत काचेत आहे. काच साबणाने घासा, खळखळून धुवा, थेंब टाका, पसरतो. आता कपाळावरून बोट फिरवून तेच बोट काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यावर चोळा आणि त्याच नळाचा थेंब तिथे टाका, टम्म फुगून बसेल. पाणी तेच, फक्त तेलकट जागेची पाण्यावरची पकड कमी. थेंबाची कड आणि पृष्ठभाग यांच्यात जो कोन होतो त्याबद्दल ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०५ मध्येच लिहून ठेवलंय. अळूच्या पानावर तर मेणाचा थर आणि बारीक उंचवटे, त्यांच्यात हवा अडकते, म्हणून मशीनचं पाणी ओतलंत तरी त्याच्या गोळ्याच होऊन घरंगळणार. मशीनचा डेमो देणारा त्याच्या पाण्यासाठीची दुसरी काच कुठल्या फडक्याने पुसतो तेवढं बघा, साबणाचा अंश पुरतो. पसरणारं पाणी जर चांगलं, तर भांड्यांचं साबणपाणी अमृतच म्हणायचं.

क्लोरीनचं काय, डिस्टिल्ड पाणीही काचेला चिकटतं, कारण काचेच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या पाण्याच्या रेणूंना धरतात. नळाला येणारं क्लोरीन लिटरला मिलिग्रॅमच्या हिशोबातलं, त्याचा इथे संबंध नाही.

आणि ते गठ्ठे! पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी जोडणारे हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतात नि दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतात, हे कुठल्याही पाण्यात अखंड चालू असतं, मग मशीनने फोडलेला गठ्ठा बाटलीत टिकणार कसा आणि पोटापर्यंत पोचणार कसा? शिवाय पेशीत पाणी शिरतं ते मुख्यतः अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांतून, तिथे रेणूंना एकामागे एक रांगेतच जावं लागतं. या नळ्यांच्या शोधासाठीच पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

टँकरच्या पाण्याची धास्ती असेल तर ती रास्त आहे, पण जंतू असलेला थेंबही तसाच गोल दिसतो. टाकीचा नमुना लॅबमध्ये द्या, कोलिफॉर्म (सांडपाणी मिसळल्याची शंका दाखवणारे जंतू) आणि शिल्लक क्लोरीन तपासायला सांगा, आणि रिपोर्ट ग्रुपवर टाका.