‘डिड यू वेंट’ शिकवणारा फॉरवर्ड

‘फक्त ४ नियम, इंग्रजीचा साधा भूतकाळ कायमचा पाठ’ असा एक फॉरवर्ड पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. पुतणीच्या वहीत तो जसाच्या तसा उतरलेला दिसला, म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात घातक नियम दुसरा: ‘भूतकाळ असला की क्रियापदाचं दुसरं रूपच घ्या, प्रश्न असो वा नकार.’ म्हणजे ‘डिड यू वेंट?’ आणि ‘आय डिडन्ट सॉ’! अहो, इथे भूतकाळाची खूण एकदाच लागते. ‘शी वेंट’मध्ये ती क्रियापदावर आहे. ‘डिड’ आलं की खूण त्याच्याकडे जाते आणि क्रियापद मूळ रूपावर येतं: ‘शी डिडन्ट गो’, ‘डिड शी गो?’ केंब्रिज डिक्शनरीच्या संकेतस्थळावर व्याकरणाचा विभाग आहे, फुकट आहे, तिथे हेच दिलंय. ठासून सांगतानाही ‘आय डिड टेल यू’, ‘टोल्ड’ नाही. ‘वॉज-वेअर’ असेल तिथे मात्र डिड लागतच नाही: ‘वॉज शी ॲट होम?’ आणि ‘काच कोणी फोडली?’मध्ये कर्ताच विचारलाय, म्हणून ‘हू ब्रोक द ग्लास?’ फॉरवर्डमध्ये यातलं अवाक्षर नाही.

पहिला नियम: ‘ला-ली-ले दिसलं की साधा भूतकाळ, होता-होती दिसलं की हॅड.’ गोष्ट सांगताना अर्धा भाग चालतो, मान्य. पण ‘मला भूक लागली’ म्हणजे ‘आय ॲम हंग्री’, आणि ‘आलोच’ म्हणणारा अजून घरातूनही निघालेला नसतो. उरलेला अर्धा भाग तर आपली जुनी खोड पक्की करतो. ‘काल मी नाशिकला गेलो होतो’चं ‘आय हॅड गॉन’ करू नका, नुसतं ‘आय वेंट टू नाशिक येस्टर्डे’. ‘हॅड’ लागतं ते ‘आम्ही पोचलो तोवर गाडी सुटली होती’ अशा ठिकाणी, कारण तिथे दोन घटनांतली आधीची दाखवायची असते.

तिसरा, क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या ईडीचा (-ed) उच्चार सरसकट ‘एड’. ‘वॉकेड’, ‘हेल्पेड’ ऐकवत नाही. मूळ शब्द ट किंवा डच्या आवाजावर संपला तरच ‘इड’: वॉन्टिड, नीडिड. क, प, फ, स, श, चनंतर ‘ट’: वॉक्ट, हेल्प्ट. बाकी ‘ड’: प्लेड, ओपन्ड.

चौथा म्हणतो, अनियमित क्रियापदं थोडीच, शेवटी करा. थोडी आहेत खरी, पण गो, कम, सी, ईट, गेट, टेक, से हीच ना ती? सुरुवात त्यांच्यापासूनच करा. पुट, कट बदलत नाहीत. ‘रीड’चं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार ‘रेड’ होतो.