प्लॅटिनम कमी केलं म्हणजे झालं?
फ्युएल सेलवरच्या (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या उपकरणावरच्या) तुमच्या लेखातलं ‘प्लॅटिनम घटवलं की फ्युएल सेलचा प्रश्न सुटला’ हे वाक्य पटलं नाही. कॅथोडवर (ऑक्सिजनची अभिक्रिया होते त्या इलेक्ट्रोडवर) उत्प्रेरक म्हणून लागणारं प्लॅटिनम दर चौरस सेंटीमीटरला ०.४ मिलिग्रॅमवरून ०.१ वर आलात, तरी उरलेल्या कणांपर्यंत ऑक्सिजन, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन तिन्ही पोचायला हवेत. खरी मेख आयनोमरमध्ये, म्हणजे कणांभोवतीच्या प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पॉलिमरमध्ये आहे. तो कमी पडला तर प्रोटॉनची वाट तुटते, जास्त झाला तर ऑक्सिजन अडतो. आणि प्लॅटिनम कमी असताना हे अडणं जास्तच जाणवतं.

प्लॅटिनमचे कण आणि आयनोमर ज्या द्रवात मिसळून हा थर लावतात, त्या शाईबद्दल तर एक ओळही नाही! आम्ही महाप्यात कोटिंग करतो (फ्युएल सेलचं नव्हे, पण शाई पाणी-अल्कोहोलचीच). पावसाळी दमट हवेत अल्कोहोल आधी उडतं, पाणी मागे रेंगाळतं. पाण्याचा पृष्ठताण जास्त, म्हणून सुकताना थराला तडे जातात. एसी लॅबमधली रेसिपी जुलैत इथल्या शेडमध्ये टिकेल का, तेही लिहा की.